वाचकांचे प्रश्न : हॅम रेडिओच्या लॅपटॉपवर विंडोज की लिनक्स?

प्रश्न : नमस्कार ताई. मी निपाणीजवळच्या एका गावात हायस्कूलला विज्ञान शिकवतो. मोर्स शिकून परीक्षा दिली आणि हॅम रेडिओचं, म्हणजे हौसेनं रेडिओवरून संपर्क करायचं, जनरल ग्रेडचं लायसन्स मिळालं. कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, व्हीयू२चा आहे. सेट म्हणजे हैदराबादचा मायक्रो बिटएक्स, गच्चीवर चाळीस मीटर बँडचा डायपोल अँटेना. बोलणं सुरू झालंय, आता एफटी८ आणि बाकीचे डिजिटल मोड, म्हणजे न बोलता कॉम्प्युटरनं मजकूर पाठवायच्या पद्धती, करायचे आहेत. घरात एक जुना लॅपटॉप पडून आहे : पाचव्या पिढीचा आय३, चार जीबी रॅम, हार्डडिस्क, विंडोज १०. विंडोज ११ त्यावर चढत नाही. दुकानदार म्हणतो नवीन घ्या. मेव्हणा बेळगावात कॉम्प्युटरच्या कामात आहे, तो म्हणतो लिनक्स टाका. पण लिनक्सवर रेडिओची सॉफ्टवेअरं चालतात का? आणि बिघडलं तर निपाणीत दुरुस्त कोण करणार? शिवाय आमच्याकडे पावसाळ्यात लाइट आणि नेट दोन्हींचा भरवसा नाही. काय करू? — एक वाचक, निपाणी तालुका

उत्तर : सर, विंडोज की लिनक्स हे नंतर बघू. तुमच्या पत्रात लाइट आणि नेटचा भरवसा नाही असं जे एक वाक्य शेवटी आलंय, ते मी आधी घेते. आपल्या भागात रेडिओच्या टेबलावरचा कॉम्प्युटर निवडताना कळीचा मुद्दा तोच आहे.

२०१९चा ऑगस्ट तुम्हाला सांगायला नको. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा एकदम चढल्या. तुमच्याकडच्या लोकांनी जे सोसलं त्याच्या मानानं बेळगावात शहापूरला आम्हाला काहीच झळ बसली नाही, पण दोन दिवस लाइट नव्हती आणि मोबाइलचं नेटही गेलं होतं. सेट बारा व्होल्टच्या बॅटरीवर लावला, लॅपटॉप इन्व्हर्टरवर सुरू केला आणि एफटी८च्या ७.०७४ मेगाहर्ट्झवर जाऊन बसले. वॉटरफॉलवर, म्हणजे येणारे सिग्नल दाखवणाऱ्या पट्टीवर, पिवळ्या रेघा दाट उतरत होत्या. म्हणजे अँटेना ठीक, सेट ठीक, आवाज लॅपटॉपमध्ये येतोय. आणि सिग्नलमधला मजकूर दाखवणारी डिकोडची खिडकी मात्र कोरी. पंधरा सेकंद गेले, कोरी. आणखी पंधरा गेले, तरी कोरीच. मी केबल बदलली, आवाजाची पातळी वरखाली केली, पाऊण तास त्यात घालवला. मग कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं. लॅपटॉप २०१५ सालात होता.

मनगटावरचं घड्याळ बघून वेळ लावली, तरी डिकोड होईना. घड्याळच दोन-तीन सेकंद पुढे होतं. एफटी८मध्ये सगळं जग एकाच वेळेवर चालतं. मिनिटाचे पंधरा-पंधरा सेकंदांचे चार भाग, प्रत्येक भागात १२.६४ सेकंदांचं प्रक्षेपण, आणि उरलेल्या दोन-सव्वादोन सेकंदांत समोरच्याचं डिकोड करून आपलं उत्तर तयार. तुमचं घड्याळ एका सेकंदाच्या आत बरोबर पाहिजे. ही पद्धत जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँकी यांनी २०१७ साली आणली. टेलर म्हणजे जोडीदार ताऱ्यासोबत फिरणाऱ्या पल्सारच्या शोधाबद्दल १९९३चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ. आकाशातली टिकटिक मोजण्यात ज्याची हयात गेली, त्याचं सॉफ्टवेअर आपल्यालाही वेळ पाळायला लावतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्या रात्री मी सेट १० मेगाहर्ट्झवर नेला. तिथे चीनचं बीपीएम हे वेळ सांगणारं केंद्र दर सेकंदाला टिक देतं आणि मिनिट भरलं की जरा लांब टोला. सेटिंगमध्ये पुढचं मिनिट आधीच टाइप करून ठेवलं आणि टोला ऐकताच एंटर दाबलं. परत ७.०७४वर आले, तर पंधरा सेकंदांत खिडकी भरून गेली. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपची मागची बाजू उघडली. मदरबोर्डवर काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, दोन तारांचा बटणाएवढा सेल असतो. मीटर लावला तर तीन व्होल्टच्या जागी दोनही भरेना. लॅपटॉपची मुख्य बॅटरी आधीच मेलेली, त्यात हा सेलही गेला, मग लाइट गेली की घड्याळ झोपणारच. नेट होतं तोवर दर वेळी ते गुपचूप दुरुस्त होत होतं, म्हणून मला वर्षभर पत्ता लागला नव्हता.

तेव्हा सर, सिस्टीम कुठलीही टाका, त्याआधी तुमच्या लॅपटॉपचा तो सेल बदलून घ्या. हे काम निपाणीतला कुठलाही मोबाइल रिपेरीवाला करून देईल. आणि डब्ल्यूएसजेटी-एक्स या एफटी८च्या सॉफ्टवेअरमध्ये डीटी नावाचा, वेळेतला फरक सेकंदांत दाखवणारा जो रकाना असतो, त्यावर नजर ठेवायची सवय लावा. तिथे पाच-दहा वेगवेगळ्या स्टेशनांसमोर सगळीकडे १.२, १.३ असे आकडे दिसले, तर चूक त्यांची नाही, घड्याळ तुमचं चुकलंय. नेट नसतानाही हा रकाना बघून वेळ दुरुस्त करता येते.

आता सिस्टीमचं. आधी काय करायचंय ते ठरवा, त्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर लागतं ते बघा, मग सिस्टीम. लोक नेमकं उलटं करतात. एफटी८ला लागणारं डब्ल्यूएसजेटी-एक्स, पीएसके३१ आणि इतर मोडसाठी एफएलडिजी, हँडसेटची चॅनेलं भरायला चर्प, उपग्रह कधी डोक्यावर येतो ते सांगणारं जीप्रेडिक्ट, एलओटीडब्ल्यूला, म्हणजे दोघांच्या नोंदी जुळवून संपर्क पक्का करणाऱ्या ऑनलाइन सेवेला, लॉग (संपर्कांची नोंदवही) पाठवायचं टीक्यूएसएल, ही सगळी लिनक्सवर चालतात आणि विंडोजवरही. यात लिनक्स कुठेही उणं नाही. उलट डेबियन, उबंटू, मिंट यांच्या सॉफ्टवेअर भांडारात यातली बहुतेक आयतीच आहेत, शोधून एक बटण दाबलं की बसतात.

अडतं ते दुसऱ्या बाजूला. स्पर्धांसाठी लोक वापरतात तो एन१एमएम लॉगर फक्त विंडोजवर आहे. रेडिओवरून ईमेल नेणारं विनलिंक एक्स्प्रेस, त्याच्यासोबतचं व्हारा मोडेम, हॅम रेडिओ डिलक्स, हीही विंडोजचीच. वाइन नावाच्या पुलावरून व्हारा लिनक्सवर चालवणारे आहेत, पण नवख्या माणसानं त्या वाटेला जाऊ नये. सेट बनवणाऱ्या कंपन्यांची स्वतःची सॉफ्टवेअरंही बहुतेक विंडोजसाठीच निघतात. तुमचा सेट मायक्रो बिटएक्स आहे. अशर फरहान यांनी तो उघड्या आराखड्यावर केलेला, त्यामुळे ही अडचण तुम्हाला नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : तुमच्या कामाला आणि तुमच्या लॅपटॉपला लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ते तुमच्याकडे नाही. मिंट २२ला २०२९पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. नव्या लॅपटॉपचे पैसे वाचवा आणि त्यातले थोडे एसएसडीवर घाला. हार्डडिस्क काढून २४० जीबीची एसएसडी आणि जमल्यास रॅम आठ जीबी, एवढ्यावर हा लॅपटॉप आणखी काही वर्षं उत्तम काम देईल. काढलेली हार्डडिस्क टाकू नका, तिच्यावर विंडोज जसंच्या तसं आहे. कधी अडलंच तर चार स्क्रू फिरवून परत बसवता येईल.

मी दोन सिस्टीम एकाच डिस्कवर ठेवायला सांगत नाही, त्याला कारण आहे. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात आपली स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स तिथे यूटीसी, म्हणजे जागतिक वेळ, लिहितं. एकातून दुसऱ्यात गेलं की वेळ साडेपाच तास सरकते. नेट असेल तर थोड्या वेळानं सुधारते. नेट नसेल तर गंमत बघा : साडेपाच तास हा पंधरा सेकंदांच्या बरोबर पटीत बसतो, त्यामुळे एफटी८ व्यवस्थित डिकोड होत राहतं, समोरचा उत्तर देतो, सगळं छान चाललंय असं वाटतं, आणि लॉगमध्ये मात्र प्रत्येक संपर्क साडेपाच तास चुकीचा नोंदला जातो. एलओटीडब्ल्यूत दोघांच्या वेळेत अर्ध्या तासाहून जास्त फरक असेल तर संपर्क जुळत नाही. माझ्या ओळखीतल्या एका हॅमचे पावसाळ्यातले चाळीसेक संपर्क असे अधांतरी राहिले. लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगून हे टाळता येतं, पण त्यापेक्षा एका टेबलावर एकच सिस्टीम बरी.

मिंट बसवल्यावर पहिल्याच दिवशी दोन ठिकाणी अडाल, म्हणून आधीच सांगते. एक : सेट यूएसबीला लावला, पोर्ट दिसतंय, पण डब्ल्यूएसजेटी-एक्स परवानगी नाही म्हणून तक्रार करतं. तुमच्या वापरकर्त्याचं नाव 'डायलआउट' नावाच्या गटात घालावं लागतं आणि मग एकदा लॉगआउट करून परत यावं लागतं. लॉगआउट करायचं विसरतात आणि तासभर डोकं धरून बसतात. दोन : पोर्ट क्षणभर दिसतं आणि गायब होतं. बिटएक्समधल्या आर्डुइनो नॅनोवर सीएच३४० जातीची यूएसबी चिप असेल तर हे होऊ शकतं. अंध व्यक्तींच्या ब्रेल यंत्रासाठी बीआरएलटीटीवाय नावाचा प्रोग्रॅम काही आवृत्त्यांत आधीपासून असतो, त्याला ती चिप म्हणजे ब्रेल यंत्रच वाटतं आणि तो पोर्ट धरून ठेवतो. घरात ब्रेल यंत्र नसेल तर तो प्रोग्रॅम काढून टाका, पोर्ट जागेवर येईल.

सेटच्या यादीत यायसू एफटी-८१७ निवडा आणि वेग ३८४०० ठेवा, बिटएक्स त्याच भाषेत बोलतो. हॅम लोक पृथ्वीच्या नकाशाचे चौकोन पाडून जागा सांगतात, त्यासाठीच्या 'माय ग्रिड'मध्ये एमके७६ लिहा. माझं बेळगाव एमके७५मध्ये येतं. काकती ओलांडून तुमच्याकडे येताना हायवेवर सोळावा अक्षांश लागतो, तिथे चौकोन बदलतो. आपला जिल्हा दोन चौकोनांत आहे, आणि दूरच्या माणसाला तुम्ही एक नवा चौकोन द्याल.

आवाजासाठी एक साधं यूएसबी साउंड कार्ड घ्या आणि मध्ये ६०० ओहमचे छोटे ट्रान्सफॉर्मर घाला, नाहीतर चार्जरची घुरघुर थेट प्रक्षेपणात जाते. बिटएक्सला एएलसी, म्हणजे पातळी आपोआप आवरणारी सोय, नाही. आवाज जास्त गेला की सिग्नल फाटतो आणि शेजारच्या सगळ्यांना त्रास होतो, म्हणून पातळी खालून हळूहळू वर न्या. एफटी८मध्ये सेट पंधरातले साडेबारा सेकंद सलग पूर्ण ताकदीनं चालतो. आयआरएफ५१० ट्रान्झिस्टरांची जोडी त्यात तापते. चार-पाच फेऱ्यांनंतर प्रक्षेपण थांबवून हीटसिंक किती गरम झालाय ते बघा.

दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न रास्त आहे. खरं सांगायचं तर निपाणीतच काय, बेळगावातही दुकानात लिनक्स बघणारा माणूस शोधावा लागतो. पण विंडोज बिघडल्यावर दुकानदार तरी काय करतो? फॉरमॅट मारतो. तेच काम तुम्ही घरी करू शकता. मिंटचा पेन ड्राइव्ह करून कपाटात ठेवा. मिंटमध्ये टाइमशिफ्ट असतं, सगळं नीट चालायला लागलं त्या दिवसाची एक प्रत त्यात काढा. पुढे काही बिनसलं तर त्या दिवसावर परत जाता येतं. आणि लॉग एडीआयएफ स्वरूपात दर रविवारी दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवा. एडीआयएफ सगळीकडे चालतं. सिस्टीम गेली तर पुन्हा बसेल, गेलेला लॉग येत नाही. मेव्हणे बेळगावात आहेतच, पहिल्या दिवशी त्यांना जेवायला बोलवा आणि शेजारी बसवून घ्या.

आणखी एक, हे मला मनापासून सांगायचंय. एफटी८चा नाद लागतो, पण पुराच्या दिवशी तो फार कामाचा नाही. त्यात मोकळा मजकूर एका वेळी जेमतेम तेरा अक्षरांचा जातो. अमुक शाळेत किती माणसं, किती चादरी, कुणाला इन्सुलिन हवंय, अशी यादी पाठवायची तर एफएलडिजी आणि त्याच्यासोबतचं एफएलएमएसजी लागतं. यात एमटी६३ नावाचा मोड आहे, तो इतका दणकट आहे की केबल नसली तरी हँडसेटचा माइक लॅपटॉपच्या स्पीकरसमोर धरला की यादी जाते, आणि पलीकडे हँडसेट लॅपटॉपच्या माइकजवळ ठेवला की ती उतरते. तुमच्या लॅपटॉपवर हे दोन्ही पहिल्याच आठवड्यात बसवा. शाळेतलं दुसरं कुणी लायसन्स काढणार असेल तर त्याच्यासोबत एका रविवारी करून बघा. नेट बंद करून करा.

प्रश्न : मावशी, मी खानापूरची आहे, बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. लायसन्सची परीक्षा देतेय. लॅपटॉप अभ्यासाला लागतो, म्हणून रेडिओसाठी वेगळा रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर घेतला तर चालेल का? — एक विद्यार्थिनी

उत्तर : चालेल गं, छान चालेल. पाय म्हणजे लिनक्सच, वर सांगितलेली लिनक्सवरची सॉफ्टवेअरं त्यावर आहेत, आणि बारा व्होल्टच्या बॅटरीवरून पाच व्होल्ट काढून दिले की सेट आणि पाय एकाच बॅटरीवर. खानापूरच्या पावसात हे फार सोयीचं. मात्र पाय ४मध्ये घड्याळाचा सेलच नसतो. लाइट जाऊन आली आणि नेट नसलं की त्याला वेळ ठाऊकच नसते. डीएस३२३१ हे छोटं घड्याळ त्याच्या पिनांवर बसवून घे, किंवा यूएसबी जीपीएस लावून क्रोनी या प्रोग्रॅमला त्यावरून वेळ घ्यायला सांग. मला जीपीएस जास्त आवडतं, कारण ते तुझा ग्रिडही सांगतं. पाय ५ घेतलास तर घड्याळ आतच आहे, सेल तेवढा वेगळा लावावा लागतो. मेमरी कार्ड चांगल्यातलं घे आणि पाय बंद करताना नीट शटडाउन कर, वायर उपटू नकोस. कार्डं त्यानंच जातात. परीक्षा झाली की कळव.

प्रश्न : संकेश्वरहून लिहितो. वय ६८, बँकेतून निवृत्त, हॅम म्हणून तीस वर्षं झाली. मुलानं विंडोज ११चा नवा लॅपटॉप पाठवलाय. तरुण हॅम म्हणतात लिनक्सशिवाय खरं नाही. या वयात बदलू का?

उत्तर : नका बदलू, काका. मुलानं प्रेमानं पाठवलेला चांगला लॅपटॉप आहे, तुमचा हात विंडोजवर बसलेला आहे, आणि स्पर्धेत उतरायचं म्हटलं तर एन१एमएमही तुम्हाला मोकळा आहे. फक्त चार गोष्टी करून घ्या. विंडोजचे टिंग-टिंग आवाज सेटला जाणाऱ्या साउंड कार्डावर जाऊ देऊ नका. मूळ आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवर ठेवा आणि सेटचं कार्ड फक्त रेडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये निवडा. नाहीतर ईमेल आल्याची घंटी जपानपर्यंत ऐकू जाईल. यूएसबीची वीज वाचवण्याची सोय बंद करा, तिच्यामुळे सेटशी संबंध मध्येच तुटतो. अपडेटच्या सेटिंगमध्ये 'ॲक्टिव्ह अवर्स' असतात, त्यात तुमची रेडिओवर बसायची वेळ भरा, म्हणजे संपर्क चालू असताना लॅपटॉप स्वतःहून रीस्टार्ट होणार नाही. आणि विंडोज वेळ जुळवतं ते एफटी८ला पुरेल इतक्या वेळा जुळवतंच असं नाही, म्हणून माइनबर्गचा एनटीपी प्रोग्रॅम बसवा. तो मागे शांतपणे चालू राहतो.

तीस वर्षांचा लॉग वहीत असेल. त्यातले मोर्सचे संपर्क आधी उतरवून घ्या. नातवंडं सुट्टीला आली की त्यांना टाइप करायला बसवा, तुम्ही कॉलसाइन वाचून दाखवा.